बटाट्याच्या खोलीतला माळा

मृणालिनी : आणि हा मफलर कुणाचा? बाहेर त्रेचाळीस डिग्री आहे, अहो. तो ट्रकवाला बघतोय आपल्याकडे.

चारुदत्त : लियाकतभाईंचा आहे. गुंडाळ तू. आत गेलीस की म्हणशील, अजून एक द्या.

लियाकत : घ्या वैनी, धुतलेला हाय. बघू दे त्याला. दुबईच्या या अल क्वोजमध्ये मे महिन्यात मफलर घालतात ती माणसं माझ्या कोल्ड स्टोरेजची, हे सगळ्यांना ठाऊक हाय.

मृणालिनी : बटाट्याला एवढी थंडी लागते?

लियाकत : थंडी जरा कमी चालते, पण ओल लागते. कोरड्या हवेत बटाटा सुरकुततो, मग हॉटेलवाला घेत नाय. तसा आता तो असाही घेत नाय, हॉटेलंच रिकामी. म्हणून तीन नंबरची रूम खाली पडली. चारूभाई पहिल्यांदा आत आले ना, डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली. मग बोलले, "लियाकतभाई, ही आंबोली." मी बोललो, ही रूम नंबर तीन.

चारुदत्त : श्रावणातली आंबोली. अगदी तीच हवा. फक्त बेडूक ओरडत नाहीत.

मृणालिनी : वासही तोच आहे, ओल्या पोत्याचा. पण आत जायच्या आधी पुन्हा एकदा सांगून ठेवते. लियाकतभाई, तुम्ही साक्षीदार. प्रयोग एकच. पापड कडक निघाले तर राहायला आंबोली, मऊ निघाले तर सोलापूर. मागाहून "म्हणजे, थिअरीप्रमाणे" असलं काही ऐकून घेणार नाही.

चारुदत्त : नाही म्हणणार.

लियाकत : सोलापूरला कोण?

मृणालिनी : माझी आक्का. तिचा वरचा मजला रिकामा आहे आणि ऊन असं की सकाळी लाटलेला पापड दुपारी खणखणीत. शारजासारखंच. बावीस वर्षं आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वाळवण घातलं मी. यांची नोकरी गेली जानेवारीत, जूनमध्ये व्हिसा संपतोय, ते सगळं कबूल. नोकरी यांची गेली. माझं काम कुठे गेलंय?

चारुदत्त : उलट तिचं वाढलंय. जो तो परत निघालाय, आणि निघताना सहा महिन्यांचे पापड बांधून नेतोय.

लियाकत : इथनं पुण्याला पापड?

मृणालिनी : नेतात. आणि तिकडून फोन करतात, अजून पाठवा म्हणून. मला गिऱ्हाइकाची काळजी नाही, मी कुठूनही पाठवीन. पण पापड वाळला तर पाहिजे. आणि यांनी घर घेतलंय कुठे, तर जिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत रुमाल वाळत नाही.

चारुदत्त : घर चांगलं आहे, लियाकतभाई. फॉरेस्टमधल्या एका रिटायर साहेबांचं होतं. जुनं, कौलारू, आणि वर अख्ख्या घराएवढा माळा. आम्ही बघायला गेलो तेव्हा धुकं खिडकीतून आत येऊन बसलं होतं. वाळवंटात इतकी वर्षं काढल्यावर, म्हणजे, मला ते...

मृणालिनी : घराच्या नावाखाली धुकं विकत घेतलं यांनी. त्या माळ्यावर मी एकदा चढले होते गणपतीत. गादीला बुरशी, पुस्तकांना बुरशी. खाली उतरले तर माझ्या चपलेला बुरशी. एका रात्रीत.

लियाकत : मग विकायचं काय?

चारुदत्त : सावंतवाडीचा एक हॉटेलवाला विचारतोय. शुक्रवारपर्यंत काय ते सांगा म्हणतो.

लियाकत : अरे बापरे. म्हणजे आज पापड बोलणार. यल्ला, आत या. पायाखाली बघा, ओलं हाय.

मृणालिनी : अगं बाई. हे केवढंसं घर? कबुतरांचं?

चारुदत्त : घर नाही, माळ्याचा एक तुकडा आहे. उतार आंबोलीचाच ठेवलाय, फोटोवरून मोजून. कौलं मात्र व्हिलांच्या बंद पडलेल्या साइटवरची. मॅनेजर म्हणाला, न्या. ग्लासवूल, हा पिवळा कापूस, तोही तिथलाच. खाली ही हॉट प्लेट, म्हणजे आपलं स्वयंपाकघर. घरात कुणीतरी सतत काहीतरी शिजवतच असणार, म्हणून त्यावर रोज डाळ ठेवायची. उरलेली ऊब वर माळ्यात जाते. बाहेरची गार हवा कौलांना अडते, आतली ऊब वरच्या या पिवळ्या कापसाला अडते, पापड मधल्या फळीवर सुखात.

लियाकत : डाळ रोज मी खाल्ली, वैनी. चारूभाई मीठ कमी टाकतात.

मृणालिनी : घरी आयतं जेवतात, त्यांना मीठ कुठून कळणार. वरद काय म्हणाला सांगितलं का यांनी? आमचा मुलगा. त्याला हे सगळं एवढं रंगवून सांगितलं, चित्र काढून दाखवलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता, "बाबा, जस्ट बाय अ डीह्युमिडिफायर."

चारुदत्त : आंबोलीला पावसाळ्यात वीज असते कुठे. स्टूलवर चढ, मी धरतो. कापसाला हात लावू नकोस, खाज सुटेल.

मृणालिनी : धरलंय ना नीट? हं. फळी दिसली. हे माझे उडदाचे, ओले ठेवलेले. हे मुगाचे. अहो.

चारुदत्त : काय?

मृणालिनी : माझ्या मानेवर पाणी पडलं.

लियाकत : वरनं? इथे कुठला पाऊस?

मृणालिनी : आणखी एक थेंब. हा घ्या पापड. मोडून बघा.

चारुदत्त : मोडत नाही. वाकतोय.

लियाकत : घडी झाली की त्याची. खिशात ठेवा रुमालासारखी.

मृणालिनी : तोंडात घालू नका हो, लियाकतभाई. त्या कापसातलं पाणी गळलंय त्याच्यावर. सगळे टाकायचे आता. मुगाचे तर बोटाला चिकटतायत.

चारुदत्त : ठीक आहे. ठरल्याप्रमाणे, सोलापूर.

मृणालिनी : एवढ्यात?

चारुदत्त : शब्द दिलाय मी. सावंतवाडीला आजच फोन करतो. शुक्रवारपर्यंत तरी कशाला थांबवायचं त्याला. उतर, हात दे.

मृणालिनी : मी उतरत नाही. तुम्ही बोला काहीतरी.

चारुदत्त : काय बोलू? आयुष्यभर लोकांच्या इमारतींना इन्सुलेशनची पांघरुणं घातली. मॉलना, हॉस्पिटलना, विमानतळाच्या गोडाउनला. आपल्या घराला एक घालायची वेळ आली तर हे असं. बहुधा मला कधी येतच नव्हतं. इथे उन्हात काहीही चालून गेलं असेल.

लियाकत : असं नका बोलू, चारूभाई. माझ्या या रूमचं काम तुमचंच. दहा वर्षं झाली, एक बटाटा तक्रार करत नाय.

मृणालिनी : मला एवढंच सांगा, हे पाणी आलं कुठून? नळ नाही, पाऊस नाही.

चारुदत्त : थांब. जरा खाली उतर, मला चढू दे. लियाकतभाई, स्टूल धरा. हा कापूस खालून नुसता दमट आहे. वर बोट घालतो. वर मात्र चिंब. आणि कौलांखाली जी फॉइल लावलीय, तिच्या पोटाला थेंब लोंबतायत.

मृणालिनी : मग?

लियाकत : वैनी, हे हसतायत.

मृणालिनी : काय झालं हसायला? पडाल.

चारुदत्त : मृणाल, ऑगस्टमध्ये सकाळी शारजाला आपल्या खिडकीची काच कुठल्या बाजूने ओली असते?

मृणालिनी : बाहेरून. ओघळ येतात चांगले. आत एसी असतो ना.

चारुदत्त : आणि आंबोलीला?

मृणालिनी : आतून. मी चहा करत होते तेव्हा पदराने पुसली होती.

चारुदत्त : मी शारजाचं छप्पर आंबोलीला घातलंय.

लियाकत : समजलं नाय.

चारुदत्त : इथे वाफेची गरम हवा बाहेर असते आणि गारवा आत. म्हणून फॉइल बाहेरून लावायची, वाफ कापसात शिरायला नको. इतकी वर्षं हात आपोआप तिकडेच जातो. आंबोलीत सगळं उलटं. ऊब आणि वाफ आत, गारठा बाहेर. तुमच्या त्या डाळीची वाफ खालून निवांत कापसात शिरली, वर गार फॉइलला अडली, तिचं पाणी झालं, आणि ते हिच्या मानेवर पडलं. मी हे स्वतः लावलं. स्वतःच्या हाताने. लियाकतभाई, शिकाऊ माणसाला मी या चुकीसाठी दिवसभर बोललो असतो.

लियाकत : म्हणजे कोट उलटा घातला. अस्तर बाहेर.

चारुदत्त : अगदी तसंच.

मृणालिनी : मग सुलटा घाला.

चारुदत्त : पण ठरलंय ते ठरलंय. एकच प्रयोग म्हणाली होतीस.

मृणालिनी : कुणी ठरवलं ते?

चारुदत्त : तू.

मृणालिनी : मग मोडायचं तर मीच मोडीन ना. तुम्ही कशाला माझ्या शब्दाला पहारा देताय?

लियाकत : खरं सांगू वैनी? बरं केलंत. हे इथे काम करत होते तेव्हा माझा फोर्कलिफ्टवाला अजीज मला विचारायचा, साहेबांना नवीन नोकरी लागली काय. मी बोललो का रे? तर बोलतो, शीळ घालतात.

मृणालिनी : शीळ? हे?

लियाकत : रोज. आत कापूस लावत असतात आणि शीळ चालू. दार बंद केलं तरी ऐकू येते.

चारुदत्त : थंडीत घालतो माणूस. ऊब राहते.

मृणालिनी : घरी जानेवारीपासून नोकऱ्यांच्या जाहिरातींचं पान समोर धरून बसतात, लियाकतभाई. पान उलटतसुद्धा नाहीत. मी स्वयंपाकघरातून बघत असते. लाटणं थांबवलं की यांना कळेल मी बघतेय, म्हणून नुसतंच पोळपाटावर फिरवत राहायचं. पीठ नसलं तरी. आणि इथे येऊन शीळ. मी ऐकली नाही ती बटाट्यांनी ऐकली.

चारुदत्त : रूम रिकामी आहे. बटाटे नव्हते.

मृणालिनी : गप्प बसा. ती खिळे मारायची बंदूक कुठे आहे?

चारुदत्त : स्टेपलर. तू नको. तुला खाज सुटेल.

मृणालिनी : पापडखाराने हात भाजून निघालेत माझे. तुमचा कापूस काय करणार? द्या ते फॉइलचं टोक इकडे. हे आता आतून येणार ना? कापूस वर, फॉइल खाली?

चारुदत्त : हो. म्हणजे पापडांवर कापसाचा कणही पडणार नाही. तो ओला काढून टाकू, नवीन रोल आहे. आणि कौलांखाली बोटभर जागा मोकळी ठेवायची, वारा खेळायला. चुकून काही ओल शिरलीच तर ती तिकडून जाईल. वाफेसाठी खालून एक नळी बाहेर काढू, लियाकतभाई, एखादी जुनी एसीची डक्ट?

लियाकत : डक्ट तर पाहिजे तेवढी. धंदा नाय, डक्ट हाय.

मृणालिनी : हे दोन तुकडे शेजारीशेजारी काय लावताय? एकावर एक चढवा. चार बोटं तरी. आणि कड दाबा, दाबून दुमडा. करंजीची कड अशी सोडली तर तळताना सगळं सारण तेलात.

चारुदत्त : त्याला ओव्हरलॅप म्हणतात.

मृणालिनी : आमच्यात मुरड म्हणतात. आणि मुरड घालायला तुम्हाला कधी जमलेली नाही. दिवाळीत तुमच्या करंज्या वेगळ्या ओळखू येतात. सरका, ही कड मी घालते. तुम्ही ठोका.

लियाकत : मी काय करू?

मृणालिनी : तुम्ही डाळीत मीठ घाला.

(चार दिवसांनी, गुरुवारी दुपारी. तीच खोली. हॉट प्लेटवर डाळीच्या जागी कढई आहे.)

लियाकत : मान पुसून बघा, वैनी.

मृणालिनी : कोरडी आहे. छताला हात लावते. हेही कोरडं. आणि उबदार लागतंय की हो. बाहेर दात वाजतायत आणि इथे वर डोकं घातलं की मांजर निजेल.

चारुदत्त : पापड?

मृणालिनी : दम धरा. मधला बघायचा नाही, मधले सगळीकडेच चांगले असतात. कडेचा बघायचा, कोपऱ्यातला. हा घेतला. ऐका.

लियाकत : मोडला. आवाज आला. कॉम्प्रेसर चालू असताना आवाज आला.

मृणालिनी : मुगाचा बघू. हाही मोडला. जरा उशिरा मोडला, पण मोडला.

चारुदत्त : म्हणजे... तुला काय वाटतं?

मृणालिनी : शारजाची सर नाही.

चारुदत्त : नाही?

मृणालिनी : नाहीच. उन्हात वाळलेल्या पापडाला एक वास येतो, तो याला नाही. खोटं कशाला बोलू. याला कपाटात वाळल्यासारखा वास आहे.

चारुदत्त : बरोबर आहे. ऊन ते ऊन. मी आज संध्याकाळी सावंतवाडीला...

मृणालिनी : तुम्हाला त्या हॉटेलवाल्याला फोन करायची एवढी हौस का आहे, मला कळत नाही. तेल तापलंय. तळू द्या.

लियाकत : फुलला. वैनी, बघा कसा फुलला. पहिला मला.

मृणालिनी : पहिला यांना. घ्या. भाजेल, फुंकून घ्या.

लियाकत : चारूभाई, कसा हाय? बोला ना.

चारुदत्त : मला कळत नाही. मला चांगला लागतोय. पण मला तो चांगला लागायलाच हवाय, म्हणून माझं धरू नका. लियाकतभाई, तुम्ही सांगा.

लियाकत : मी कोकणातला माणूस. आमच्याकडे पावसात पापड तळला तर ताटात येईपर्यंत लेचापेचा. हा बघा, हातात धरून मी एवढं बोललो, अजून ताठ. अजून एक द्या म्हणजे नक्की सांगतो.

मृणालिनी : घ्या. अजीजला पण बोलवा, बाहेरून आत बघतोय कधीचा.

लियाकत : अजीज, आओ भाई, पापड खाओ. हां, साहब का। नौकरी नहीं लगी, पापड लगा।

चारुदत्त : तू खाल्लास का?

मृणालिनी : खाते. हं. मीठ बरोबर. मिरी जरा कमी पडली, गार हवेत जास्त लागते वाटतं. तिकडे दुप्पट घालावी लागेल.

लियाकत : तिकडे म्हणजे सोलापूरला?

मृणालिनी : सोलापूरला कसली गार हवा, लियाकतभाई? पोह्याचे पापड मात्र पावसात या माळ्यावर जमणार नाहीत, ते नाजूक. ते आणि कुरडया एप्रिलमध्ये आक्काकडे जाऊन उरकायच्या, महिनाभर. ती मदतीला आहे आणि तिला करमतही नाही एकटीला. उडीद आणि मूग वर्षभर इथे.

चारुदत्त : इथे?

मृणालिनी : आंबोलीला हो. इथे म्हणजे काय बटाट्यांत राहणार आहे मी?

चारुदत्त : मृणाल, पावसाळा चार महिने आहे. नुसतं धुकं. शेजारी कुणी नाही, मराठी मंडळ नाही, गच्ची नाही. तू नंतर म्हणशील...

मृणालिनी : नंतर जे म्हणायचं ते म्हणेनच. त्याला काही इलाज नाही. आत्ता मला हे विचारायचंय, ही फळी कुणाच्या उंचीने लावलीत?

चारुदत्त : माझ्या. बहुधा.

मृणालिनी : वाटलंच. प्रत्येक वेळी स्टूल. आंबोलीला खाली घ्या.

चारुदत्त : कितपत खाली?

मृणालिनी : थांबा, खाली उतरून हात वर करते. इथपर्यंत पोचतो. पेन्सिल आहे ना? खूण करा.